बटण दाबले जाते, पुढे काही होत नाही : सरकारी संकेतस्थळांच्या कर्त्यांना खुले पत्र

सरकारी खात्यांची संकेतस्थळे बांधणाऱ्या, तपासणाऱ्या आणि ती पूर्ण झाली म्हणून ताब्यात घेणाऱ्या सर्वांना,



मी चिंचोळी एमआयडीसीत लहान कारखान्यांची ऑनलाइन कामे करतो. सोलापूरहून पुण्याकडे निघाले की हमरस्त्याला लागून, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत ही वसाहत आहे. कोणी रसायने बनवतो, कोणी यंत्रांचे सुटे भाग, कोणी टॉवेल. मोठ्या कंपन्यांकडे संगणकाचा वेगळा विभाग असतो. माझ्याकडे येणाऱ्या कारखान्यांत मालक, एक सुपरवायझर आणि हिशेब पाहणारा एक माणूस, एवढाच ऑफिसचा पसारा. जीएसटीची विवरणे, ई-वे बिल, भविष्य निर्वाह निधी, प्रदूषण मंडळाची संमती, उद्यम नोंदणी, निविदा हे सारे आता संकेतस्थळांवरूनच होते. पूर्वी एका शिक्क्यासाठी पुण्याला फेरी पडायची, ती वाचली. या सोयीचे मोल मी रोज पाहतो, आणि ती नीट चालावी अशी तळमळ आहे म्हणूनच हे पत्र लिहितो.

माझी तक्रार एका ओळीत सांगतो. तुमची संकेतस्थळे एका ब्राउझरात चालतात आणि दुसऱ्यात अडतात. कुठे चालेल, कुठे अडेल आणि का अडेल हे शोधायचे काम तुम्ही आमच्यावर सोडले आहे.

एक प्रसंग सांगतो. खात्याचे नाव लिहीत नाही, कारण दोष एका खात्याचा नाही. टॉवेलच्या एका कारखान्याला पुरवठ्याची निविदा भरायची होती. मुदत त्याच दिवशी दुपारी संपणार होती. सगळी माहिती भरून झाली, कागद चढवले, डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, डोंगल लावला. शेवटच्या पानावर 'सादर करा' हे बटण. मालकांचा फोन आला, "सर, बटण दाबतोय, पण काहीच होईना बघा." मी गेलो. खरेच, बटण दाबले जात होते, क्षणभर रंग बदलत होते, आणि पान आहे तसेच. चूक दाखवणारी ओळ नाही, लाल अक्षर नाही, घंटा नाही. हिशेबनीस बिचारा दर वेळी आणखी जोर लावून माउस दाबत होता.

मी एफ-१२ दाबून ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी खिडकी, उघडला. तिथे मात्र लाल ओळ होती : 'शो-मोडल-डायलॉग' नावाचे फंक्शन सापडत नाही. सही करण्याआधी 'आपण खात्री केली आहे का?' असे विचारणारी छोटी खिडकी उघडण्यासाठी ते वापरले होते. ही सोय मुळात मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररसाठी काढली. क्रोमने ती २०१४ मध्ये काढून टाकली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. म्हणजे संकेतस्थळ जी खिडकी उघडू पाहत होते, ती आमच्या ब्राउझरातून कधीच गेली होती. आम्ही एज ब्राउझरात इंटरनेट एक्सप्लोरर मोड चालू केला, सगळी माहिती पुन्हा भरली आणि निविदा मुदतीच्या आत गेली.

पण ज्या कारखान्यात एफ-१२ म्हणजे काय हे सांगणारे कोणी नव्हते, त्यांची निविदा त्या दिवशी गेली का? सर्व्हरचे घड्याळ ठरल्या वेळी पेटी बंद करते, आणि बटण चालले नाही ही सबब तिथे ऐकून घेतली जात नाही. निविदेबाहेर राहिलेल्या अशा माणसाची नोंद कुठेच होत नाही. तुमच्या अहवालात तो 'भाग न घेतलेला' असतो.

हे घडले कसे, याची मला कल्पना आहे, आणि सगळा दोष आज काम करणाऱ्यांचा नाही हेही मी मानतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला, डिजिटल सहीला मान्यता मिळाली. त्या काळात ऑफिसातल्या बहुतेक संगणकांवर विंडोज होते आणि त्यात इंटरनेट एक्सप्लोरर. ब्राउझरातून डोंगलपर्यंत पोचून सही करायची तर दोनच वाटा होत्या : मायक्रोसॉफ्टचे ॲक्टिव्ह-एक्स किंवा जावाचे ॲपलेट. सगळ्यांनी त्याच धरल्या. पुढे त्या वाटाच बंद झाल्या. जावा ॲपलेट ज्या जोडणीवर चालत, ती क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये पूर्ण काढली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावासाठी बंद केली. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरच्या इंटरनेट एक्सप्लोररलाच निवृत्त केले. यातले काहीही रातोरात झाले नाही. प्रत्येक वेळी ब्राउझर कंपन्यांनी खूप आधी कळवले होते. ती सूचना संकेतस्थळ बांधणाऱ्यासाठी होती, आणि तिचा धक्का बसला तो आमच्या हिशेबनिसाला.

एजमधला एक्सप्लोरर मोड निदान २०२९ पर्यंत ठेवू, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. आज त्या मोडवर तगून असलेल्या प्रत्येक संकेतस्थळासाठी ही मुदत आहे. तुमच्याकडे अशी किती पाने आहेत याची यादी आत्ताच काढा, ही माझी पहिली विनंती. शेवटच्या महिन्यात धावपळ नको; नवे संकेतस्थळ सुरू करताना काय होऊ शकते, हे आयकर खात्याच्या नव्या पोर्टलने देशाला दाखवले आहे. ते ७ जून २०२१ रोजी सुरू झाले, आणि अडचणी इतक्या लांबल्या की ऑगस्टमध्ये ते बांधणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना अर्थमंत्र्यांनी बोलावून जाब विचारला.

दुसरी तक्रार मला सगळ्यांत गंभीर वाटते. संकेतस्थळ अडले की मदतीच्या पानावर ज्या सूचना असतात, त्या वाचून माझ्या पोटात गोळा येतो. पॉप-अप अडवणे बंद करा. अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा. सुरक्षेची पातळी खाली आणा. 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' असे आले तर 'तरीही पुढे जा' दाबा. ज्या संगणकावर हे करायचे, त्याच संगणकावर कारखान्याचे बँक खाते चालते आणि त्यालाच मालकाच्या सहीचा डोंगल लावलेला असतो.

यामागचे तंत्र वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ॲपलेट गेल्यावर सही करण्यासाठी नवी युक्ती निघाली. संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवायचा. तो १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकाच्या आत, कान लावून बसतो. संकेतस्थळ ब्राउझरमार्फत त्याला हाक मारते, तो डोंगलकडून सही घेऊन परत देतो. कल्पना वाईट नाही. पण संकेतस्थळ एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, असल्याने असे बरेच प्रोग्रामही ओळखीचे प्रमाणपत्र वापरतात, आणि ते बहुधा स्वतःच स्वतःला दिलेले असते. ते विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या साठ्यात टाकले की क्रोम आणि एज ते मानतात. फायरफॉक्स मात्र २०२३ पर्यंत विंडोजचा साठा आपणहून पाहत नसे, त्यामुळे एकाच संगणकावर, त्याच डोंगलने, एका ब्राउझरात सही व्हायची आणि दुसऱ्यात 'जोडणी झाली नाही' असे यायचे. आता क्रोमच्या नव्या आवृत्त्या संकेतस्थळाला स्थानिक संगणकाशी बोलू देण्याआधी परवानगी विचारतात. ती खिडकी आली आणि घाबरून कोणी 'नको' म्हटले की पुन्हा सगळे ठप्प. ब्राउझर बरोबर वागत असतो. बाहेरच्या संकेतस्थळाने तुमच्या संगणकाच्या आत हाक मारावी का, हे विचारायलाच हवे. ही खिडकी येणार आहे आणि आली तर काय करायचे, हे त्या पानावर आधीच सांगणे तुमच्या हातात आहे.

ब्राउझरच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकवणे किती महाग पडते, याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आले की राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्रे देणाऱ्या यंत्रणेतून गूगलच्या नावाची बनावट प्रमाणपत्रे बाहेर पडली आहेत. याहूच्या नावाचेही एक होते. भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या साठ्यात असल्याने विंडोजवरचे इंटरनेट एक्सप्लोरर आणि क्रोम त्यावर विश्वास ठेवत होते. फायरफॉक्सच्या साठ्यात ते नव्हतेच, म्हणून त्या बनावट प्रमाणपत्रांचा धोका फायरफॉक्सला पोचला नाही. नियंत्रकांनी एनआयसीला दिलेली मधली प्रमाणपत्रे लगेच रद्द केली, आणि क्रोमने भारताच्या मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास जीओव्ही.इन, एनआयसी.इन अशा मोजक्या नावांपुरता आखडला. त्याआधी, त्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबलेली सरकारी पाने फायरफॉक्सात उघडली की इशारा यायचा, आणि ऑफिसांतून सर्रास सांगितले जायचे की फायरफॉक्स वापरू नका, त्यात अडचण आहे. आपल्या संकेतस्थळाबद्दल एखादा ब्राउझर तक्रार करत असेल, तर तो ब्राउझर बाजूला ठेवण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्या. 'तरीही पुढे जा' हे वाक्य सरकारी सूचनापत्रात कधीही असू नये. ते आहे त्या प्रत्येक ठिकाणाहून काढा, एवढे मी आग्रहाने मागतो.

तारखेचा घोळ त्या मानाने लहान, पण पैशाला लागतो. आपण ५ एप्रिल हे ०५-०४ असे लिहितो. जावास्क्रिप्टच्या मानकात असा आखूड नमुना वाचायची रीत ठरवलेली नाही. प्रत्येक ब्राउझरने आपल्या समजुतीने वाचावा. क्रोम ते अमेरिकन पद्धतीने वाचून ४ मे समजतो. त्यामुळे काही अर्ज महिन्याच्या बारा तारखेपर्यंत गुपचूप चुकीची तारीख घेतात आणि तेरापासून 'तारीख अवैध' म्हणून अडतात, कारण तेरावा महिना नसतो. ज्याचा अर्ज अडला तो सुटला म्हणायचा. ज्याचा गेला, त्याच्या परवान्याची मुदत, बिलाची तारीख, सगळे भलत्याच महिन्यात गेलेले असते आणि ते कळते नोटीस आल्यावर. उपाय सोपा आहे : दिवस, महिना आणि वर्ष वेगळे घ्या, आणि सादर करण्याआधी महिना अक्षरांत लिहून दाखवा.

आमच्या बाजूचेही दोष असतात, ते झाकत नाही. कारखान्यातला संगणक धुळीत आणि उकाड्यात चालतो. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि मग एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही, कारण ब्राउझरच्या हिशेबाने त्याचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते. सेल बदलून घड्याळ लावले की काम झाले. ब्राउझरमध्ये कोणीतरी कूपन शोधणारे, व्हिडिओ उतरवणारे एक्स्टेन्शन टाकलेले असते आणि तेच अर्जात लुडबुड करते. म्हणून मी आधी इन्कॉग्निटो खिडकीत पान उघडून पाहतो. तिथे चालले, तर जुन्या कुकी किंवा एक्स्टेन्शनचा दोष. तिथेही अडले, तर दुसरा ब्राउझर. दुसऱ्यात चालले, तर कन्सोल. ही पायरीपायरीने जायची रीत कोणालाही जमण्यासारखी आहे, आणि प्रत्येक खात्याने ती मराठीत एका पानावर छापून ठेवावी.

जुन्या संगणकांचा प्रश्न मात्र तुमच्याकडेच येतो. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबवली आणि त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. असे संगणक वसाहतीत अजून आहेत. काही कारखान्यांत तर एक जुना संगणक मुद्दाम जपलेला असतो, त्यावर जुना जावा आणि एक चिठ्ठी : 'अपडेट करू नये'. मालक हौसेने तो जपत नाही. कोणत्या तरी संकेतस्थळाने त्याला एके काळी नेमकी तीच आवृत्ती ठेवायला सांगितले, म्हणून तो जपतो. आता दुसरे संकेतस्थळ त्याला नवा ब्राउझर मागते. दोन्ही खाती सरकारचीच. एकाच्या मागणीने दुसऱ्याचे काम अडणार नाही, एवढा मेळ तुम्ही आपापसांत घालायला हवा.

मदत केंद्रात बसणाऱ्या मंडळींना वेगळे दोन शब्द. तुमच्यावर कामाचा किती भार असतो हे फोनवरच्या आवाजातून कळते. पण प्रत्येक तक्रारीला 'कॅशे साफ करा, दुसऱ्या ब्राउझरात पाहा' एवढेच उत्तर देऊन ती 'निकाली' काढू नका. कॅशे साफ केल्याने कधी कधी काम होते हे खरे, कारण तुम्ही पान बदललेले असते आणि ब्राउझर जुनीच स्क्रिप्ट धरून बसलेला असतो. पण मग तो दोष प्रत्येक कारखान्यात स्वतंत्रपणे होत राहतो. फाइल बदलली की तिच्या नावाला नवा क्रमांक जोडला, तर ब्राउझर आपोआप नवी आणतो आणि हजारो लोकांना कॅशे साफ करावा लागत नाही. आणि दुसऱ्या ब्राउझरात चालले म्हणजे तक्रार मिटली असे होत नाही. पहिल्यात का चालले नाही, हे सांगणारी नोंद तिथून सुरू व्हायला हवी. आम्हाला विचारा : ब्राउझर कोणता, आवृत्ती कोणती, कन्सोलमधली लाल ओळ काय म्हणते. ओळीचा फोटो मागा. आम्ही पाठवू.

तुमच्याकडे नियम नाहीत असेही नाही. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली आणि तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. वेगवेगळ्या ब्राउझरांत पान तपासून पाहा, हे त्यांत पहिल्यापासून आहे. तरीही कितीतरी पानांच्या तळाशी 'अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसते' अशी ओळ आढळते, आणि कधी कधी तो ब्राउझर बंद होऊन काही वर्षे लोटलेली असतात. रुग्णालयाच्या दारावर 'अमुक चपला घातलेल्यांनाच प्रवेश' असे लिहावे, तशी ती ओळ मला वाटते. सार्वजनिक सेवेला अशी अट शोभत नाही.

दक्षिण कोरियाने हीच वाट आपल्याआधी चालून पाहिली आहे. १९९९ च्या सुमाराला त्यांनी बँक आणि खरेदीसाठी सरकारमान्य डिजिटल प्रमाणपत्र आणले आणि ते ॲक्टिव्ह-एक्सवर उभे केले. सगळा देश इंटरनेट एक्सप्लोररला बांधला गेला. २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनीच जाहीर बैठकीत विचारले की आपल्या मालिकेतल्या नायिकेचा कोट चीनमधल्या चाहत्यांना आपल्या संकेतस्थळांवरून विकत का घेता येत नाही? त्यानंतर त्या प्रमाणपत्राची सक्ती सैल होत गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचा खास दर्जा कायद्याने संपला. इतक्या पुढारलेल्या देशाला यातून बाहेर पडायला वीस वर्षे लागली. विकायला आपल्याकडेही माल आहे : सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला ते दाखवताना निर्यातीचा अर्ज आपल्याच ब्राउझरात अडू नये, असे मला वाटते.

आपल्या सरकारने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली. त्यात भारताचे मूळ प्रमाणपत्र अंगभूत असावे आणि डोंगलने सही करता यावी, असे अपेक्षित होते. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, झोहोच्या उला ब्राउझरला पहिले बक्षीस मिळाले. स्वदेशी ब्राउझर जरूर यावा, मी तो वापरीन. पण माझी काळजी बोलून दाखवतो : उद्या सरकारी पानांच्या तळाशी 'फक्त स्वदेशी ब्राउझरमध्ये चालते' ही ओळ येऊ नये. आमचे दुखणे ब्राउझर कमी असण्याचे कधीच नव्हते. पान खुल्या मानकांप्रमाणे बांधले की ते क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, एजमध्ये, उलामध्ये आणि कारखान्याच्या फाटकावर उभ्या सुपरवायझरच्या मोबाइलवरही चालते. ई-वे बिल तर बहुतेकदा तिथेच लागते. गाडी भरून उभी असते, ड्रायव्हर निघायची घाई करतो, आणि पन्नास हजार रुपयांवरचा माल परराज्यात बिलाशिवाय हलवता येत नाही.

माझ्या मागण्या वर विखुरल्या आहेत, त्यांत आणखी दोन जोडतो. काम ठेकेदाराला देताना करारातच लिहा की चालू असलेल्या सगळ्या मुख्य ब्राउझरांत आणि मोबाइलवर चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही, आणि त्या चाचणीचा निकाल संकेतस्थळावर लावा. दुसरे, तुमच्या पानात दोष आल्यामुळे मुदत चुकली हे सिद्ध झाले, तर विलंब शुल्क आपोआप माफ व्हावे. जीएसटीच्या विवरणाला उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये, शून्य विवरण असले तरी वीस, आणि थकलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज. मोठ्या कंपनीला ते जाणवत नाही. उधारीवर सूत घेणाऱ्याला जाणवते. दोष सिद्ध कसा करायचा, हा प्रश्न तुम्ही विचाराल. पानात चूक घडली की तिची नोंद वेळेसह सर्व्हरवर जाईल आणि अर्जदाराला एक क्रमांक दिसेल, अशी सोय करता येते. आज जिथे नुसती शांतता आहे, तिथे तो क्रमांक दिसला तरी मालकाला कळेल की चूक त्याच्या बोटाची नाही.

नवे पान लोकांसाठी खुले करण्याआधी त्याची चाचणी-प्रत आमच्याकडे पाठवा. आमच्या वसाहतीत विंडोज ७ पासून ११ पर्यंतचे संगणक आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे डोंगल आहेत, स्वस्त मोबाइल आहेत, आणि कधी वीज तर कधी रेंज जाते. दिल्ली-मुंबईच्या प्रयोगशाळेत ही परिस्थिती उभी करणे अवघड आहे. इथे ती रोजचीच आहे. काय अडले, कोणत्या ब्राउझरात, कोणत्या पायरीवर, लाल ओळ काय होती, हे आम्ही मराठीत नीट लिहून देऊ. त्यासाठी कोणतेही मानधन नको. तपासणीचा पत्ता आणि उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद तेवढे कळवा.

आपला नम्र,
लहान कारखान्यांची ऑनलाइन कामे करणारा एक व्यावसायिक
चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर